पेट्रोल बोटीचा ब्लोअर: चार मिनिटं, पिवळी वायर आणि तुमचं नाक

या वेळी बोटीच्या इलेक्ट्रिकल कामाबद्दल जी पत्रं आली त्यातली बहुतेक फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतायत, इंजिनच्या खणातला ब्लोअर. म्हणून बॅटरी चार्जर आणि नेव्हिगेशन लाइटचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ, आज फक्त ब्लोअर. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, हा १२ व्होल्टचा छोटा डीसी पंखा असतो, त्याला तीन किंवा चार इंची लवचिक पाईप जोडलेला असतो, पाईपचं एक तोंड इंजिनच्या खणात अगदी खाली आणि दुसरं बोटीच्या बाहेर, आणि त्याचं काम एकच, खालची हवा ओढून बाहेर टाकणं.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक होपॅटकाँगवर ठेवायला १९ फुटी जुनी स्टर्नड्राइव्ह बोट घेतली, म्हणजे इंजिन बोटीच्या आत मागच्या खणात आणि पंख्याचा भाग बाहेर, पेट्रोल इंजिन आहे. डॅशवर ब्लोअर लिहिलेला स्विच आहे आणि चावीजवळ स्टिकर आहे की इंजिन चालू करण्याआधी ब्लोअर चार मिनिटं चालवा. पण आजूबाजूचे लोक दहा सेकंद चालवतात आणि चावी फिरवतात, काही तर तेही करत नाहीत. चार मिनिटं खरंच लागतात का, का हे नुसतं कायद्यासाठी लिहिलेलं असतं?

उत्तर: लागतात. आजूबाजूचे काय करतात ते सोडून द्या, आपण हिशोबच करून बघू म्हणजे तुमची खात्री पटेल.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. गाडीत पेट्रोल गळलं तर खाली मोकळा रस्ता असतो, वाफ पसरून निघून जाते, पण बोटीचा तळ बंद असतो त्यामुळे गळलेलं सगळं बिल्जमधे म्हणजे तळाच्या खोलगट भागात साठतं आणि वाफही तिथेच बसून राहते. घरी गॅस सिलिंडर लीक झाला की लहानपणापासून आपल्याला सांगितलंय की दिव्याचं बटण दाबू नका, खिडक्या दारं उघडा, हे तसंच आहे, फक्त इंजिनच्या खणाला खिडकी नसते म्हणून पंखा लावायचा. आणि थंडीवर भरवसा ठेवू नका, पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपाससुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, तुमच्याकडचा ऑक्टोबर त्याच्यापुढे काहीच नाही.

हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ टक्के झाली की ठिणगीने पेट घेते, वरची हद्द साधारण ७.६ टक्के. आता समजा तुमचा इंजिनचा खण ६० घनफुटांचा आहे. साधारण सव्वाशे मिली पेट्रोल, म्हणजे चहाचा एक कप, पूर्ण उडालं तर हा अख्खा खण त्या हद्दीत येतो. प्रत्यक्षात वाफ सारखी पसरत नाही, खाली थर धरून बसते, म्हणजे त्याहून कमी पेट्रोलमधे खालचा थर धोकादायक होतो, आणि स्टार्टर मोटर नेमकी खालच्याच बाजूला असते.

आता पंखा. अमेरिकेच्या कोस्ट गार्डच्या नियमात खणाच्या आकारावर ब्लोअर ठरतो, ३४ ते १०० घनफुटांच्या खणाला जितके घनफूट त्याच्या दीडपट हवा मिनिटाला हलवण्याच्या क्षमतेचा ब्लोअर लागतो, तो बोटीत बसवल्यावर पाईप आणि वळणं धरून प्रत्यक्षात मिनिटाला खणाच्या ०.६ पट हवा बाहेर पडली पाहिजे. तुमच्या ६० घनफुटांना म्हणजे मिनिटाला ३६ घनफूट. चार मिनिटांत १४४, म्हणजे खणातली हवा जवळजवळ अडीच वेळा बदलली. आणि दहा सेकंदांत? सहा घनफूट. दहावा भाग. बाकीचे नऊ भाग आतच आणि वर आपण चावी फिरवतोय.

कायद्याचं म्हणाल तर अमेरिकेत २५ एप्रिल १९४० नंतर बांधलेल्या पेट्रोल बोटींना हवा आत येण्याचे आणि बाहेर जाण्याचे मार्ग ठेवणं सक्तीचं झालं, पण ते वाऱ्यावर चालणारे, नुसते हवेचे नळ आणि बाहेर त्यांच्या तोंडावर बसवलेल्या टोप्या. बोट उभी असताना वारा नसला तर हवा हलत नाही आणि इंजिन सुरू होतं ते नेमकं बोट उभी असतानाच. म्हणून ३१ जुलै १९८० नंतर बांधलेल्या, बंद खणात पेट्रोल इंजिन असलेल्या बोटींना ब्लोअर आणि तो स्टिकर दोन्ही सक्तीचं केलं. स्टिकरवर चार मिनिटांबरोबर अजून एक गोष्ट लिहिलेली असते जी लोक वाचतच नाहीत, बिल्जमधे पेट्रोलची वाफ आहे का ते तपासा. तपासा म्हणजे झाकण उघडा, खाली वाका आणि वास घ्या. नाक हे फार चांगलं यंत्र आहे, ते वापरा. ब्लोअर चार मिनिटं चालवूनही वास येत असेल तर कुठेतरी गळती आहे, पेट्रोल द्रव रूपात पडलंय आणि ते उडत राहणार, ब्लोअर तासभर चालवला तरी वाफ पुन्हा तयार होणार. तेव्हा इंजिन सुरू करायचं नाही, माणसं उतरवायची, झाकणं उघडी ठेवायची आणि गळती शोधायची. आणि झाकण उघडल्या उघडल्या पेट्रोल साचलेलं दिसलं तर ब्लोअरचाही स्विच दाबू नका, कुठलाच दाबू नका, आधी माणसं धक्क्यावर.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण मला ती सगळ्यात जास्त सांगायचीय. सकाळी निघताना चार मिनिटं चालवणारी माणसंसुद्धा दुपारी तळ्याच्या मध्यावर थांबतात, पोरं पोहतात, अर्ध्या पाऊण तासाने सगळे वर येतात आणि थेट चावी. आता बघा काय होतं, इंजिन बंद केलं की त्याला थंड करणारं पाणी थांबतं, तापलेल्या लोखंडाची उष्णता वर चढते आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळल्यासारखं उडायला लागतं, खण बंद, वारा नाही, बोट स्थिर. म्हणजे सकाळपेक्षा वाफ जास्त असण्याची शक्यता दुपारच्या त्या वेळी असते आणि तेव्हा बोटीवर पोरंही असतात. म्हणून प्रत्येक वेळी, इंजिन बंद होऊन पुन्हा सुरू करताना प्रत्येक वेळी, चार मिनिटं. पोरांना लाइफ जॅकेट घालायला आणि टॉवेल गोळा करायला तेवढा वेळ जातोच.

सुरू झाल्यावर किती वेळ ठेवायचा? धक्क्यातून बाहेर पडेपर्यंत आणि हळू चालवताना चालूच ठेवा, स्पीड पकडला की बाहेरच्या टोप्यांमधून हवा आपोआप आत येते आणि इंजिन स्वतःही भरपूर हवा ओढतं, तेव्हा बंद केला तर चालतो. पुन्हा हळू झालात की पुन्हा चालू.

प्रश्न: पणजीहून. आमच्याकडे जुनी अमेरिकन बनावटीची इनबोर्ड, म्हणजे इंजिन आत असलेली, पेट्रोल बोट आहे. ब्लोअर जळाला, नवीन मागवलाय, चार इंची. जुनं वायरिंग कुणी कुणी जोडून जोडून गोधडी झालीय त्यामुळे सगळं नवीन टाकायचा विचार आहे. कुठून कुठे वायर न्यायची, किती जाड, फ्यूज किती?

उत्तर: नवीन टाकताय हे फारच बरं करताय. पहिल्यांदा बॅटरीची निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह, आणि झाकण उघडं ठेवून, वास घेऊन मगच हात घाला.

सर्किट अगदी सरळ आहे. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून मेन बॅटरी स्विच, तिथून डॅशच्या पॅनेलला येणारी मोठी वायर, पॅनेलवर ब्लोअरचा स्वतःचा फ्यूज किंवा ब्रेकर, फ्यूजमधून टॉगल स्विच, स्विचमधून पिवळी वायर मागे ब्लोअरच्या पॉझिटिव्हला, आणि ब्लोअरच्या निगेटिव्हपासून काळी वायर निगेटिव्ह बसबारला, म्हणजे सगळ्या निगेटिव्ह वायरी जिथे एकत्र जोडतात त्या पट्टीला. स्विच नेहमी पॉझिटिव्ह बाजूला. निगेटिव्ह वायर जवळ पडते म्हणून इंजिनच्या ब्लॉकला बोल्ट मारून जोडू नका, तिथे गंज, तेल, कंपनं सगळं असतं आणि जोड सैल झाला की ठिणगी नेमकी जिथे नको तिथेच.

पिवळा रंग का तर अमेरिकन बोटींमधे एबीवायसी या बोटींचे स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेच्या स्टँडर्डप्रमाणे ब्लोअरला पिवळी वायर असते. पण त्याच स्टँडर्डमधे डीसी निगेटिव्ह काळी किंवा पिवळी चालते, आणि ज्या बोटीत निगेटिव्ह पिवळी आहे तिथे ब्लोअरची वायर तपकिरीवर पिवळी रेघ अशी असते. तुमच्या गोधडीत दोन्ही असू शकतं, म्हणून रंग बघून अंदाजाने जोडू नका, मीटर लावून बघा. नवीन टाकताना दोन्ही टोकांना टॅग लावा, तुमच्यानंतर जो कुणी तिथे डोकं घालेल तो दुवा देईल.

जाडी. इथे लोक कंजूषपणा करतात. ब्लोअर ज्या सर्किटांत मोडतो त्यांना व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वायरमधेच वाया जाणारं व्होल्टेज, जास्तीत जास्त ३ टक्के धरतात, १२ व्होल्टला म्हणजे ०.३६ व्होल्ट. बोटीतल्या इतर साध्या दिव्याबिव्यांना १० टक्के चालतो, ब्लोअरला नाही. समजा पॅनेलपासून ब्लोअर चार मीटरवर आहे, जाऊन येऊन आठ मीटर वायर, आणि ब्लोअर पाच अँपिअर घेतो. दीड स्क्वेअरची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर तांब्याची) वायर टाकलीत तर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त वायरमधेच जातं, अडीच स्क्वेअर टाकलीत तर साधारण ०.३, म्हणजे बसलं. तुमचा चार इंची आहे, तो पाचपेक्षा जास्तही घेत असेल, लेबल बघा आणि त्या अँपिअरने पुन्हा गुणाकार करा, थोडी जाड वायर टाकल्याने कधीच काही बिघडत नाही. व्होल्टेज कमी मिळालं की पंखा हळू फिरतो आणि हवा त्या प्रमाणात कमी जाते, आवाज मात्र येत राहतो आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे.

वायर मल्टीस्ट्रँड तांब्याची आणि शक्यतो टिन केलेली, म्हणजे कथिलाचा मुलामा दिलेली घ्या. मांडवीच्या खाऱ्या हवेत साधं तांबं काही पावसाळ्यांत हिरवं पडतं आणि ते इन्सुलेशनच्या आत आतपर्यंत जातं, वरून वायर धडधाकट दिसते. घरातली एकसंध तारेची वायर बोटीत नकोच, कंपनांनी आतून तुटते. जोड चांगल्या पकडीने क्रिंप करा आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक ट्यूब, पिळून टेप गुंडाळायचा प्रकार इंजिनच्या खणात अजिबात नको. जोड जितके वर घेता येतील तितके वर, बिल्जच्या पाण्यापासून लांब, आणि वायर जागोजागी क्लिपने धरून ठेवा म्हणजे ती गरम एक्झॉस्टवर किंवा फिरणाऱ्या बेल्टवर पडणार नाही.

फ्यूज ब्लोअरच्या लेबलवर असेल तोच. लेबलवर साडेसात लिहिलंय आणि दुकानात नाही म्हणून पंधराचा टाकला असं करू नका. पंख्यात चिंधी अडकून तो जाम झाला की मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, तेव्हा योग्य फ्यूज लगेच जातो, मोठा फ्यूज जात नाही आणि मोटरच्या आतल्या वायंडिंगचा धूर होतो, आणि हे सगळं पेट्रोलच्या खणात. स्विच डीसी रेटिंगचा घ्या, घरातल्या बोर्डाचा नको, आणि तो खणाच्या बाहेर डॅशवरच ठेवा. बॅटरीचा मेन स्विच खणाच्या आत असेल तर तो इग्निशन प्रोटेक्टेड, म्हणजे आजूबाजूची वाफ पेटवणार नाही असा, आहे का ते त्याच्यावरच छापलेलं असतं, वाचा.

जोडून झालं की पहिली टेस्ट हवेच्या दिशेची करा. हे ब्लोअर ब्रशवाल्या डीसी मोटरचे असतात, प्लस मायनस उलटं झालं की मोटर उलटी फिरते. पाईपच्या रांगेत बसणारा सरळ पंखा उलटा फिरला तर हवाही उलटी जाते, म्हणजे बाहेरची हवा खणात कोंबली जाते आणि आतली वाफ फटींमधून केबिनकडे, माणसं बसतात तिकडे ढकलली जाते. गोगलगायीसारख्या गोल डब्याचा ब्लोअर असेल तर उलटा फिरूनही हवा त्याच दिशेने जाते पण फारच कमी, ते आणखी फसवं आहे कारण हात लावला तर हवा लागते. म्हणून पोलॅरिटी डोळ्यांनी तपासा.

प्रश्न: मेकॅनिक म्हणतो ब्लोअर चावीलाच जोडून टाकू, चावी ऑन केली की आपोआप चालू, विसरायचा प्रश्नच नाही. करू का?

उत्तर: नका करू. विसरू नये म्हणून म्हणतोय हे समजतं पण क्रम उलटा होतो. चावी ऑन झाली की इग्निशन कॉइलला करंट जातो, फ्यूल इंजेक्शनवालं इंजिन असेल तर इलेक्ट्रिक फ्यूल पंप लगेच काही सेकंद चालतो, म्हणजे खणातली हवा बदलण्याच्या आधीच खणातल्या विजेच्या वस्तू जाग्या झाल्या, आणि चावी हातात असलेला माणूस ऑनवर चार मिनिटं थांबून राहणार नाही, तो पुढे फिरवणारच. शिवाय चावी बंद केली की ब्लोअरही बंद, म्हणजे इंजिन थांबल्यावर तापलेल्या खणातली हवा काढायची सोय गेली. ब्लोअरचा स्विच स्वतंत्र हवा, चावीशी त्याचा काही संबंध नको.

आपोआपच हवं असेल तर उलट बाजूने करता येतं, ब्लोअर स्वतंत्र स्विचवर आणि टायमर असा की ब्लोअरला चार मिनिटं करंट मिळाल्याशिवाय स्टार्टरच्या रिलेला करंट पोचत नाही. चांगली गोष्ट आहे, भाड्याने देणाऱ्या बोटींना तर मी सुचवेनच, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. तो रिले आणि टायमर खणाच्या बाहेर बसवा. आणि टायमरला फक्त करंट कळतो, हवा कळत नाही, पाईप निसटलेला असला तरी तो चार मिनिटांनी हिरवा दिवा देणार. अचानक वारा किंवा मोठी बोट अंगावर येतेय अशा वेळी इंजिन लगेच लागतं, त्यासाठी टायमरला बायपास बटण असावं, झाकलेलं, चुकून दाबलं जाणार नाही असं.

प्रश्न: ह्यूस्टनहून. ब्लोअर चालू केला की आवाज दणकून येतो पण बाहेरच्या जाळीवर हात धरला तर हवा जवळजवळ नाही. मोटर बदलायची का?

उत्तर: मोटरला हात लावण्याआधी पाईप बघा, बहुतेक वेळा तिथेच सापडतं. पातळ लवचिक पाईप क्लॅंपमधून निसटलेला असतो आणि ब्लोअर खणातलीच हवा खणातच फिरवत असतो, किंवा कुणीतरी वर दोरखंड आणि नांगर ठेवून पाईप चेपलेला असतो, किंवा पाईप मधे झोळीसारखा लोंबतो आणि त्या झोळीत पाणी साठून हवेचा रस्ताच बंद होतो. बाहेरच्या जाळीत गांधीलमाशीचं घरही असतं, तुमच्याकडे हिवाळाभर बोट झाकून ठेवली असेल तर नक्की बघा.

मग खालचं तोंड. नियम असा की ओढणारं तोंड खणाच्या खालच्या एक तृतीयांश भागात हवं आणि बिल्जमधे नेहमी जेवढं पाणी असतं त्याच्या वर हवं. कुणी सर्व्हिसिंग करताना पाईप वर बांधून ठेवला असेल तर ब्लोअर वरची चांगली हवा बाहेर टाकतोय आणि जड वाफ खाली तशीच, जाळीवर हवा मस्त लागेल आणि उपयोग शून्य. आणि पाईप पाण्यात बुडाला असेल तर हवाच नाही. ताजी हवा आत येणारा नळ खणाच्या दुसऱ्या टोकाला हवा, नाहीतर आलेली हवा लगेच शेजारच्या पाईपातून बाहेर जाते आणि बाकीचा खण तसाच राहतो. तो येणारा मार्ग बंद असेल तरी ब्लोअर हवा काढू शकत नाही, काहीजण पाणी येतं म्हणून तो बूच मारून बंद करतात.

हे सगळं ठीक असेल तर मीटर घ्या. झाकण उघडं, वास घेतलेला, मीटरच्या क्लिपा आधी लावून घ्या आणि मगच ब्लोअर चालू करा, चालू असताना प्रोब घासू नका. ब्लोअर फिरत असतानाच मोजायचं, बंद असताना मोजलं तर गंजलेला जोडही पूर्ण व्होल्टेज दाखवतो कारण करंटच वाहत नाही. बॅटरीवर १२.६ असेल तर ब्लोअरच्या दोन टोकांवर १२.२ च्या वर हवं. अकरा साडेअकरा दाखवलं तर कुठेतरी जोड खराब आहे, ब्लोअरची निगेटिव्ह आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यामधे मोजा, तिथे काही दशांश व्होल्ट दिसले तर काळ्या वायरच्या बाजूला दोष, नाहीतर पिवळ्या बाजूला फ्यूज होल्डर आणि स्विच. फ्यूज होल्डर हा नेहमीचा गुन्हेगार आहे, काढून बघा, हिरवा पांढरा थर दिसेल. व्होल्टेज पूर्ण येतंय, पाईप मोकळा आहे आणि तरी हवा नाही, आवाज घासल्यासारखा येतोय, तेव्हा मोटरचं बेअरिंग गेलं, तेव्हा बदला.

प्रश्न: अलिबागहून. मरीन ब्लोअर खूप महाग सांगतात आणि मागवायला वेळ लागतो. गाडीच्या एसीचा ब्लोअर १२ व्होल्टचाच असतो, हवाही जास्त फेकतो. तो बसवला तर?

उत्तर: पेट्रोल बोटीत नाही, कुठल्याही परिस्थितीत नाही. ब्रशवाल्या मोटरमधे ब्रश म्हणजे करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे आणि ते ज्यावर घासतात तो फिरणारा कम्युटेटर यांच्यामधे सतत बारीक ठिणग्या उडत असतात, गाडीच्या मोटरला थंड ठेवायला भोकं असतात त्यामुळे या ठिणग्या आणि खणातली वाफ यांच्यामधे काहीच नसतं. मरीन ब्लोअर इग्निशन प्रोटेक्टेड असतो, म्हणजे प्रोपेन ४.२५ ते ५.२५ टक्के मिसळलेल्या हवेत चालवूनही बाहेरचा गॅस पेटवत नाही अशी त्याची परीक्षा झालेली असते. नुसतं वॉटरप्रूफ लिहिलेलं असणं वेगळं आणि हे वेगळं. आपण वाफ काढायला पंखा लावतोय आणि तो पंखाच वाफ पेटवणारा असेल तर न लावलेला बरा. आणि हेच अल्टरनेटर, स्टार्टर, डिस्ट्रिब्युटर, फ्यूल पंप सगळ्यांना लागू, गाडीचा पार्ट हुबेहूब तसाच दिसतो, बसतोही, पण इंजिनच्या खणात मरीनचाच हवा.

प्रश्न: पेट्रोल भरताना ब्लोअर चालू ठेवावा की बंद?

उत्तर: भरताना बंद. चालू असेल तर नोझलपाशी तयार झालेली वाफ हवा येण्याच्या मार्गाने खणात ओढली जाते. इंजिन, दिवे, पंखे, स्टोव्ह सगळं बंद, माणसं धक्क्यावर, केबिनची दारं खिडक्या लावलेल्या. भरून झाकण घट्ट लावलं, सांडलेलं पुसलं, की सगळं उघडा, वास घ्या, ब्लोअर चार मिनिटं, पुन्हा वास, मग इंजिन, मग माणसं. पेट्रोलची भिजलेली चिंधी बोटीत कुठे कोंबू नका, ती बाहेर.

प्रश्न: मालवणात आमची पर्यटकांना फिरवणारी उघडी फायबर बोट आहे, आउटबोर्ड इंजिन. आम्हाला ब्लोअर लागतो का?

उत्तर: इंजिन मागे बाहेर टांगलेलं आणि टाकी उघड्यावर असेल तर नाही, वारा हाच तुमचा ब्लोअर. पण टाकी फळीखाली बंद कप्प्यात असेल तर त्या कप्प्याला वर आणि अगदी खाली दोन्हीकडे हवेला वाट हवी, आणि त्याच कप्प्यात बॅटरी किंवा म्युझिक सिस्टिमचा अँप्लिफायर ठेवलेला असेल तर तो आजच हलवा.

प्रश्न: हर्णैहून. आमचा ट्रॉलर डिझेलवर चालतो. इंजिन रूममधे उन्हाळ्यात उभं राहवत नाही. ब्लोअर लावायचाय, हवा बाहेर काढणारा लावू की आत टाकणारा? आणि चार मिनिटांचा नियम आम्हाला आहे का?

उत्तर: चार मिनिटांचा नियम पेट्रोलचा, डिझेल नेहमीच्या तापमानाला तेवढी वाफ सोडत नाही. पण इंजिन रूमच्या शेजारी स्वयंपाकाचा गॅस सिलिंडर असेल तर तुमच्याही तळात जड गॅस साठू शकतो, सिलिंडर वर डेकवर ठेवा.

तुमच्याकडे ब्लोअर उष्णतेसाठी आणि इंजिनच्या श्वासासाठी. समजा तीन लिटरचं फोर स्ट्रोक इंजिन आहे आणि २००० आरपीएमवर चालतंय, दर दोन फेऱ्यांत ते एकदा हवा भरून घेतं, म्हणजे मिनिटाला जवळजवळ ३००० लिटर, तीन घनमीटर हवा. टर्बो असेल तर आणखी. आता हवा आत यायची भोकं लहान आणि तुम्ही वर बाहेर काढणारा पंखा लावला तर पंखा आणि इंजिन एकाच हवेसाठी भांडतात, इंजिनला हवा कमी पडते, काळा धूर येतो आणि डिझेल जास्त खातं. म्हणून आधी आत येणारी भोकं मोठी करा, लाटेचं पाणी येणार नाही अशा जागी आणि गूजनेकसारखी वाकडी तोंडं लावून. मग आत टाकणारा एक पंखा, त्याची हवा खाली इंजिनच्या बाजूला सोडा, आणि वर तापलेली हवा निघून जायला मोठा उघडा मार्ग. इंजिन बंद केल्यावर थोडा वेळ बाहेर काढणारा पंखा चालवला तर आत काम करणाऱ्या खलाशाला बरं पडतं.

वायरिंगची पद्धत वर पणजीच्या उत्तरात दिलीय तीच, तुमची सिस्टिम २४ व्होल्टची असेल तर ब्लोअर २४ चाच घ्या, दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट काढू नका, ती बॅटरी लवकर मरते आणि दुसरी जास्त चार्ज होत राहते. आणि पंख्याचा स्विच इंजिन रूमच्या बाहेर, व्हीलहाउसमधे हाताला येईल असा लावा, कारण खाली आग लागली तर इंजिनबरोबर पंखेही लगेच बंद करायला लागतात, नाहीतर पंखा आगीला हवा पुरवत राहतो आणि फायर एक्स्टिंग्विशरचा गॅस बाहेर काढून टाकतो. पेट्रोल बोटवाल्यांनाही हे लागू आहे. खणात आपोआप सुटणारं एक्स्टिंग्विशर असेल तर ते सुटल्या क्षणी इंजिन आणि ब्लोअर दोन्ही बंद, आणि झाकण लगेच उघडायचं नाही.